मदत हवी आहे: दुकानाच्या पाटीसाठी जाडजूड देवनागरी फॉन्ट

नमस्कार मंडळी, नागपूरच्या इतवारीत आमच्या काकांचं मिठाईचं दुकान आहे, त्याची नवी पाटी करायची आहे अन् "संत्रा बर्फी" हे मोठ्ठं, भारदस्त दिसायला पाहिजे. मी रोझा वन हा फॉन्ट लावून पाहिला, इंडियन टाइप फाउंड्री या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीचा, फुकट आहे, देवनागरी अन् इंग्रजी दोन्ही आहेत त्यात. काय देखणा आहे नं! उभे दांडे एकदम जाड अन् आडव्या रेघा केसासारख्या बारीक, 19व्या शतकातल्या इंग्लंडच्या जाहिरातीत असायची तशी जाडी. कागदावर तर नजर हटत नाही.

पण अडचण पाटीची आहे. अक्षरं अ‍ॅक्रिलिकमधून कापायची आहेत, कापणारा भाऊ म्हणतो बारीक रेघा तुटतील, अन् रस्त्याच्या पलीकडून शिरोरेखाच दिसणार नाही. बाहेरून स्ट्रोक (अक्षराच्या कडेने रेघ) देऊन जाड केलं तर र्फी मधला रफार अन् वेलांटी एकमेकांना चिकटतात, ब चं पोट बुजतं. यात्रा वन पण पाहिला, दुरून छान वाचता येतो, पण त्याचं वळण रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांचं, मिठाईचा थाट येत नाही त्यात.

तर असा फॉन्ट कोणी सुचवता का ज्यात जाड-बारीक फरक थोडा कमी आहे अन् ल, श मराठी वळणाचे मिळतात? पैसे देऊन घ्यायचा असला तरी चालेल. अन् बॉक्सवरच्या छोट्या मजकुराला सोबत कोणता साधा फॉन्ट शोभेल तेही सांगा, तिथे हा जाड नाहीच चालणार.