मॅकडेव्हिडची २०२४ ची फायनल भारी धरायची का फेल?

पहाटेचा_गडी: भावांनो एक विचारायचं हुतं. २०२४ ची आइस हॉकीची स्टॅनली कप फायनल सगळी परत बघून काढली, एडमंटन विरुद्ध फ्लोरिडा. एडमंटनच्या मॅकडेव्हिडचे सात मॅचला ११ पॉइंट, ३ गोल ८ असिस्ट, वाचायला एकदम नाद खुळा. पण त्यातले ८ नुसत्या चौथ्या-पाचव्या मॅचचे, चार-चार, आणि सहाव्या-सातव्याला भोपळा. सातवी २-१ नं हातातनं गेली, कप फ्लोरिडाला, आणि तरी कॉन स्माइथ (बेस्ट प्लेयरचं बक्षीस) त्यालाच. आमच्या ग्रुपवर एक दोस्त म्हणतोय मोठ्या मॅचला गायब हुतोय तो कसला मोठा प्लेयर. तुम्ही कसं मोजता?

बाकावरचा_कोच: ते बक्षीस फायनलपुरतं नसतंय रे, अख्ख्या प्लेऑफचं असतंय. २५ मॅचला ४२ पॉइंट, त्यात ३४ असिस्ट, ग्रेट्झकीचा १९८८ चा ३१ चा रेकॉर्ड मोडला की. हरलेल्या टीमच्या गोलीला (गोलकीपरला) मिळालंय मधी, पण गोली सोडून बघितलं तर १९७६ च्या रेजी लीचनंतर हाच. दोस्ताला सांग फायनलचं भांडण वेगळं आणि बक्षिसाचं वेगळं.

पेठेतला_११: पॉइंट बघून काय कळत नाही, समोर कोण हुतं ते बघा. फ्लोरिडाचा बार्कोव त्याच्या मागं लावलेला. शाहू स्टेडियमवर फुटबॉलला पेठेचा हुकमी फॉरवर्ड असला की दोघं त्याला चिकटूनच असत्यात, बॉल लांब असला तरी सोडत नाहीत, तसलंच. त्यात घरच्या कोचला शेवटची बदली मिळते, म्हणजे समोरची लाइन बर्फावर उतरलेली बघून मग आपली पाठवायची. पहिली, दुसरी, पाचवी, सातवी फ्लोरिडात झाल्या, मग झाला की हिशोब.

बाकावरचा_कोच: कसला झाला हिशोब? पाचवी फ्लोरिडातच, तिथंच चार पॉइंट काढलं गड्यानं (एक गोल गोली काढलेल्या रिकाम्या नेटमधी, ते धरतो मी). आणि सहावी घरात, बदली आपल्या हातात, तरी त्याचा शून्य आणि टीम ५-१ नं जिंकली. तुझं गणित दोन्हीकडनं फसतंय बघ.

पेठेतला_११: सहाव्याला बाकीच्यांनी गोल मारले त्याला तेच कारण असंल की, सगळं लक्ष ह्याच्यावर. सिद्ध करता येत नाही, पण मला तसंच वाटतंय.

अॅस्ट्रोटर्फ_कोल्हापूर: मी मैदानी हॉकीवाला, आपल्याकडं असिस्ट कोण मोजतंय? बर्फावर एका गोलाला दोन-दोन असिस्ट देत्यात, त्यामुळं दुसऱ्या असिस्टला मी अर्धीच किंमत देतो. पण एक कुणी बोललं नाही. पहिल्या तीन मॅचला एडमंटनचा पॉवर प्लेवर (समोरचा गडी पेनल्टीत बाहेर असताना) एक गोल नाही, आणि त्यांच्याच ड्रायझाइटलचा अख्ख्या फायनलमधी एक गोल नाही. ३-० नं मागं पडायला मॅकडेव्हिड एकटा कसा जबाबदार? त्याच तीन मॅचला त्याचे ३ असिस्ट हाईत. सातव्याला मात्र काय सबब नाही, कॅप्टन हाय, एक गोल पाहिजे हुता, नाही आला. तिथं तुझा दोस्त बरोबर हाय.

पहाटेचा_गडी: मग दोस्ताला अर्धं देतो. सातवी त्याची, सिरीज माझी. अर्थात तो ऐकणार नाही, क्रिकेट सोडून त्याला सगळंच फिक्स वाटतंय 😄