कोड शोधायचा तर ट्रायग्राम समजून घ्या

एखादं फंक्शन कुठकुठल्या प्रकल्पांत वापरलंय, हे सगळं उतरवून न घेता कसं शोधायचं, असा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. डेबियन कोड सर्च बघा. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या पॅकेजांचा सोर्स कोड तिथे रेग्युलर एक्स्प्रेशनने (म्हणजे शोधायच्या मजकुराचा साचा सांगणाऱ्या सूत्राने) धुंडाळता येतो, लॉगिनची कटकट नाही. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर मात्र कोडमध्ये शोधायला खातं लागतं.

एवढ्या पसाऱ्यात उत्तर झटकन येतं ते ट्रायग्राममुळे, म्हणजे तीन अक्षरांच्या तुकड्यांमुळे. सलग तीन-तीन अक्षरांचा कुठला तुकडा कुठल्या फायलींत आहे, याची सूची आधीच तयार असते. सूचीवरून मोजक्या फायली निवडायच्या आणि रेग्युलर एक्स्प्रेशन तेवढ्यांवरच चालवायचं. २००६ साली आलेलं गूगल कोड सर्च असंच चालायचं. २०१२ मध्ये ते बंद झालं, तेव्हा ते बनवणाऱ्या रस कॉक्स (Russ Cox) यांनी ही पद्धत सविस्तर लिहिली, हे आपलं नशीब. सूची तीन अक्षरांची असल्यामुळे शोधात निदान सलग तीन अक्षरं पक्की हवीत.

प्रोग्रॅमिंगचं डॉक्युमेंटेशन वाचायला डेव्हडॉक्स ही साइट बघा. हवी ती पानं फोनवर आधीच साठवता येतात, त्यामुळे आमच्या डोंबिवली फास्टमध्ये नेट गेलं तरी अडत नाही (हात हलवायला जागा मिळाली तर!).

आणि फंक्शन काढून टाकलेलं असेल तर आत्ताच्या फायलींत मजकूर शोधणारी ग्रेप ही कमांड काय करणार? कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटच्या ‘गिट लॉग’ या कमांडला मोठ्या एसचा पर्याय (-S) आणि फंक्शनचं नाव द्या. ते नाव कुठल्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) आलं आणि कुठल्यात गेलं, दोन्ही सापडतं.