दलित साहित्य वर्गात फक्त 'वेदना' म्हणूनच का शिकवतात? आणि मूकनायक पत्रकारितेच्या खात्यात का?

उदगीरची_वाचक

नमस्कार सगळ्यांना. मी एमए मराठी, दुसरं वर्ष. लघुप्रबंधाचा विषय या महिन्यात द्यायचाय, आणि इथे बरेच जण शिकवणारे, पेपरमध्ये काम केलेले आहेत म्हणून डोक्यात जे चाललंय ते सगळं मांडते, जरा लांब होईल.

आम्हाला दलित साहित्याचा पेपर आहे. आत्मकथनं आहेत, कविता आहेत. उत्तर लिहायचं म्हटलं की वेदना, विद्रोह, नकार हे तीन शब्द यायलाच पाहिजेत, ते आले की मार्क पडतात. शब्दांबद्दल माझी तक्रार नाही. पण शिकवताना काय होतं, तर भूक, उष्टं अन्न, मेलेली जनावरं ओढणं, शाळेत बाहेर बसवणं एवढेच उतारे वाचले जातात, वर्ग गप्प होतो, कोणीतरी म्हणतं 'त्या काळी किती वाईट होतं ना' आणि तास संपतो. म्हणजे लेखक हा फक्त सोसणारा माणूस. त्याने मुद्दा काय मांडला, वाद कोणाशी घातला, लिहिलेलं छापलं कुठे, छापायला पैसे कुठून आणले, यावर एक ओळ नाही. आणि 'त्या काळी' कशाला, आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या गावात आजही स्मशानभूमी वेगळी आहे.

त्याच कॅम्पसमध्ये पत्रकारितेचा विभाग आहे, तिथे मूकनायक, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांचं पहिलं पत्र, फक्त दोन मार्कांचा प्रश्न. ३१ जानेवारी १९२०, पाक्षिक, संपादक पांडुरंग भटकर, झालं. मी पहिल्या अंकाचा अग्रलेख मुळातून वाचला आणि खरं सांगते, मराठीच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकातल्या निबंधापेक्षा भारी गद्य आहे ते. हिंदू समाज हा मनोरा, एकेक जात म्हणजे एकेक मजला, आणि या मनोऱ्याला शिडीच नाही, ज्या मजल्यावर जन्मलात तिथेच मरायचं. आणि हे सांगताना बाबासाहेब मुंबई इलाख्यातल्या तेव्हाच्या वर्तमानपत्रांबद्दलही बोलतात, की बरीचशी पत्रं ठराविक जातीचंच हित बघतात. केसरीने तर पैसे देऊनही मूकनायकची जाहिरात घेतली नव्हती. शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले म्हणून ते उभं राहिलं.

तर माझं म्हणणं असं आहे की दलित साहित्य आधी वर्तमानपत्रात आणि मासिकात घडलं, पुस्तकं नंतर आली. दुसऱ्याचा छापखाना बंद होता म्हणून स्वतःचा काढावा लागला, आणि ही गोष्ट काढून टाकली की उरतं ते फक्त दुःख. सामाजिक न्याय म्हणजे कोर्ट आणि आरक्षण एवढंच नाही ना, माझ्यावर काय झालं ते कोण सांगणार, कधी सांगणार, हा पण न्यायाचाच भाग आहे. पण मार्गदर्शक म्हणतात विषय दोन विभागांत जातो, एक काहीतरी धर. तुम्हाला काय वाटतं? आणि हे एका लघुप्रबंधात बसेल का?

डेस्कवरचा_माणूस

ताई, विषय सोडू नका. मी जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर बरीच वर्षं काढली, त्यामुळे साहित्यावर मी बोलणार नाही, पण बातमी कशी मरते ते सांगतो, तुमच्या मुद्द्याला उपयोग होईल.

गावात मारहाण झाली, घर पेटवलं, समजा. पहिली माहिती येते पोलिसांच्या प्रेसनोटमधून, त्यात लिहिलेलं असतं 'किरकोळ वादातून दोन गटांत हाणामारी'. तालुक्याचा वार्ताहर तीच ओळ टाईप करून पाठवतो. त्याला दोष द्यायला सोपं आहे, पण त्या माणसाला मानधन मिळतं ते पेट्रोललाही पुरत नाही, त्याचं घर चालतं जाहिरातीच्या कमिशनवर, आणि वर्धापनदिनाच्या पुरवणीला फुल पेज जाहिरात देणारा हा बहुतेक वेळा त्याच गावचा पुढारी असतो ज्याची माणसं त्या मारहाणीत असतात. तो जात लिहिणार कशी? मग डेस्कवर आम्ही त्या चार ओळी आतल्या पानावर संक्षिप्तमध्ये टाकतो. खोटं कोणीच लिहिलेलं नसतं, पण 'दोन गट' म्हटलं की मार खाणारा आणि मारणारा सारखेच झाले.

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६, मोहाडी तालुका, भंडारा जिल्हा. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली, आई, मुलगी, दोन मुलं. मोठ्या पेपरांत सुरुवातीला आलं ते अनैतिक संबंधातून हत्या अशा थाटात. शेताचा वाद, सुरेखाबाईंनी दिलेली साक्ष, हे सगळं बाहेर आलं ते कार्यकर्ते गावात जाऊन अहवाल घेऊन आले तेव्हा, आणि पहिल्या पानावर आलं ते नोव्हेंबरात लोक रस्त्यावर उतरल्यावर. २००८ ला भंडाऱ्याच्या कोर्टाने आठ जणांना दोषी धरलं पण ॲट्रॉसिटी लागू केली नाही. पहिल्या बातमीत जी जात गाळली गेली ती निकालातही आलीच नाही. मी असं म्हणत नाही की बातमीमुळे निकाल तसा लागला, पण दोन्हीकडे नजर एकच होती. साहित्य आणि मीडिया वेगळे करून हे कळणारच नाही.

शिक्षिका_सातारा

मी कॉलेजला मराठी शिकवते. तुझी अर्धी तक्रार मला मान्य आहे, अर्धी नाही, आणि न पटलेल्या अर्ध्यावरच लिहिते.

वेदना हा पुस्तकांचा दोष नाही, वाचण्याचा आहे. आत्मकथनांना आता तू 'मुद्दा काय, वाद कोणाशी' एवढ्याच मापाने मोजायला लागलीस तर तीही एक प्रकारची कापाकापीच होईल. बलुतं घे, १९७८. तिथे दया पवार हा शिकलेला, नोकरी करणारा माणूस दगडू मारुती पवारशी, म्हणजे स्वतःशीच बोलतोय, आणि दोघांना एकमेकांची लाज वाटते. त्या पुस्तकावर नाराज होणारे आपल्यातलेही होते, हे सगळं चव्हाट्यावर का मांडलं म्हणून. हे अग्रलेखात येऊ शकत नाही. अग्रलेखाला ठाम राहावं लागतं, आत्मकथनाला डळमळता येतं. हा फरक तुझ्या लघुप्रबंधात पाहिजे, नाहीतर साहित्य म्हणजे लांबलेली बातमी असं होऊन बसेल.

आता पटलेली बाजू. फलटणच्या बेबीताई कांबळे, 'जिणं आमुचं' हे आत्मकथन लिहिणाऱ्या. त्यांचं छोटं दुकान होतं, पुड्या बांधायला रद्दीचे पेपर आणायच्या आणि गिऱ्हाईक नसलं की तेच पेपर वाचत बसायच्या. वाचनाची सुरुवात ती. मग लिहायला लागल्या, आणि नवऱ्यापासून वीसेक वर्षं लपवून ठेवलं. शेवटी ते छापून आलं 'स्त्री' मासिकात क्रमशः, पुस्तक नंतर, १९८६ ला. म्हणजे दुसऱ्यांनी छापलेल्या रद्दीतून वाचन आणि दुसऱ्यांच्याच मासिकातून लेखन. तू म्हणतेस तसं 'स्वतःचा छापखाना' हे सरसकट खरं नाही. बाईसाठी तर नाहीच, कारण समाजाचं पत्र निघालं तरी त्यात तिला जागा मिळेल असं नव्हतं.

आणि आणखी मागे जा, १८५५. मुक्ता साळवे, फुल्यांच्या शाळेतली मुलगी, चौदा वर्षांच्या आसपासची. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिचा निबंध ज्ञानोदयमध्ये दोन भागांत आला, फेब्रुवारीत आणि मार्चमध्ये. तेही मिशनऱ्यांचं पत्र. पण त्या निबंधात ती विचारते काय बघ, वेद जर आम्हाला वाचायलाच मनाई आहे तर आमचा धर्म कोणता? शाळकरी पोरीने प्रश्न विचारलाय. हे वाचून वर्ग 'किती वाईट होतं ना' म्हणणार नाही, उत्तर द्यावं लागतं.

जुने_अंक

बाकी चर्चा छान चालू आहे, मी फक्त कामाचं बोलतो.

१) विषय फार मोठा आहे. १८५५ पासून यूट्यूबपर्यंत गेलीस तर लघुप्रबंध होणार नाही, यादी होईल. १९७२ हे एकच साल घे. नामदेव ढसाळांचा कवितासंग्रह गोलपिठा त्याच वर्षी, दलित पँथर ही संघटना त्याच वर्षी, आणि साधना साप्ताहिकाचा १५ ऑगस्टचा अंक त्याच वर्षी, ज्यात राजा ढालेंचा 'काळा स्वातंत्र्यदिन' आला. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावला दलित बाईची विटंबना झाली होती, आणि ढालेंचा युक्तिवाद दंडाच्या रकमेवर होता, राष्ट्रध्वजाचा अपमान केला तर ३०० रुपये आणि बाईच्या लुगड्याला हात घातला तर ५०. महाराष्ट्रभर गदारोळ झाला तो ध्वजावरच्या वाक्यावरून, ब्राह्मणगावावरून नाही. त्या एका लेखात तुझे तिन्ही विषय आहेत. लेखक कवी, लघुनियतकालिकवाला, जागा साप्ताहिकाची, प्रश्न न्यायाचा. लेख, त्यावरची पत्रं, त्या वेळच्या पेपरांतल्या प्रतिक्रिया, एवढं नीट जमवलंस तरी भरपूर झालं.

२) मूकनायक आणि बहिष्कृत भारत हे दोन्ही महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपात काढलेत. बहिष्कृत भारत ३ एप्रिल १९२७ ला सुरू झालं, महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर दोन आठवड्यांत, कारण महाडवर जी टीका चालली होती तिला उत्तर द्यायला जागाच नव्हती. बाबासाहेब चोवीस-चोवीस रकाने एकटे लिहून काढत होते. खंड मिळायला त्रास होतो हे खरं. २०२१ मध्ये बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या खंडांची छपाई रखडल्याची बातमी पेपरमध्ये आली आणि मुंबई हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली. बातमीमुळे साहित्याला न्याय, तुझ्याच विषयातलं उदाहरण आहे, प्रस्तावनेत घालता येईल.

३) गंगाधर पानतावणे सर वाचल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. आंबेडकरांच्या पत्रकारितेवर त्यांचा अभ्यास आहे, आणि औरंगाबादहून अस्मितादर्श त्यांनीच चालवलं, कितीतरी लेखकांचं पहिलं लेखन त्यात आलं. समीक्षक आणि संपादक एकच माणूस. मार्गदर्शकांना दाखव, दोन विभागांत विषय जातो म्हणतात ना, सरांच्या कामात तो कधीच वेगळा नव्हता.

मोबाईल_कॅमेरा

मी एक छोटा चॅनल चालवतो, तालुक्याच्या बातम्या. वर डेस्कवाल्या दादांनी लिहिलंय ते शंभर टक्के खरं. फक्त एवढंच सांगायचंय की आता छापखान्याचा प्रश्न सुटलाय असं कृपया लिहू नका. कॅमेरा हातात आलाय हे खरं, वस्तीतली पोरं स्वतः शूट करतात, पोलीस ठाण्यासमोर लाइव्ह करतात, आणि त्यामुळे गुन्हे नोंदवावे लागलेत हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण व्हिडिओ कोणाला दिसणार हे आम्ही ठरवत नाही. जयंतीच्या मिरवणुकीचा व्हिडिओ लाखावर जातो आणि त्याच वस्तीच्या पाण्याचा व्हिडिओ शंभरावर अडकतो. पैसे पहिल्याचे मिळतात. मग दुसरा करायचा तर खिशातून करायचा. शाहू महाराजांचे २५०० आज कोण देणार, यावर एक पान तरी लिहा ताई.

उदगीरची_वाचक

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. मॅडम, 'डळमळता येतं' हे मी वहीत लिहून घेतलंय, आणि बाईला जागा कुठे होती हा मुद्दा माझ्याकडे नव्हताच, तो आता घेते. पण एका गोष्टीवर मी ठाम आहे, बेबीताईंचं लेखन 'स्त्री'त आलं म्हणून प्रश्न संपत नाही, वीस वर्षं ते घरात लपून राहिलं हा त्या प्रश्नाचाच भाग आहे.

१९७२ पक्कं करते. साधनाचा तो अंक आणि त्यानंतरच्या अंकांतला पत्रव्यवहार, एवढंच. चॅनलवाले दादा, तुमचा मुद्दा शेवटच्या प्रकरणात येईल, पैशावर वेगळं प्रकरण करायचं ठरवलंय. सोमवारी मार्गदर्शकांना दाखवते. तोपर्यंत कोणाला माहीत असेल तर सांगा, ब्राह्मणगावच्या प्रकरणावर तेव्हा मराठवाड्यातल्या पेपरांनी काय छापलं ते बघायला फायली कुठे मिळतील? १९७२ चा उन्हाळा ते सप्टेंबर एवढं पाहिजे.

जुने_अंक

आधी विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचार, नाही मिळालं तर परभणीत. जिल्ह्याच्या ठिकाणच्या जुन्या वाचनालयांत बांधीव फायली असतात पण कॅटलॉगमध्ये नसतात, म्हणून फोनवर नाही म्हणतील, स्वतः जा. कॉलेजचं पत्र सोबत ने आणि फोटो काढायची परवानगी त्या पत्रातच लिहून घे.