रुकडीच्या पुलावरची गाडी टिपायची आहे, पोराला घेऊन कुठं उभं राहू?

राजारामपुरीची_आई

नमस्कार मंडळी. माझा मुलगा नववीत आहे आणि त्याला रेल्वेचं प्रचंड वेड आहे. कोल्हापुरात परीख पुलाखालून जाताना वरून गाडी गेली की सायकल बाजूला घेऊन शेवटचा डबा जाईपर्यंत हलत नाही. एक दोनशेपानी वही केली आहे. तिच्यात इंजिनाचा नंबर, इंजिनावर लिहिलेलं शेडचं (जिथं त्याची देखभाल होते तिथलं) नाव, तारीख आणि कोणत्या गाडीला लागलं होतं, अशा ओळीच्या ओळी. अभ्यासाची एकही वही इतकी नेटकी नाही.

दिवाळीत आम्ही त्याला वापरलेला कॅमेरा घेऊन दिला, सोबत लांबचं जवळ आणणारी ५५-२५० ची लेन्स आहे. आतापर्यंत सगळे फोटो स्टेशनवरचेच, दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढून. आता त्याला रुकडीजवळच्या पंचगंगेच्या पुलावरची कोयना एक्सप्रेस पाहिजे. मागे एका स्टेशनवर एक कर्मचारी त्याच्यावर जोरात ओरडले आणि कॅमेरा पिशवीत घालायला लावला. तेव्हापासून पोर जरा बिचकलंय, पण पुलाचं नाव काढणं काही सोडत नाही.

मला यातलं काही कळत नाही. मी सोबत जाणार हे नक्की. रुळांच्या जवळ त्याला जाऊ द्यायचं नाही हेही नक्की. मग उभं कुठं राहायचं, किती वाजता जायचं? आणि हे करायला परवानगी असते का?

---

शाहूपुरी_६२

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी गेली तीस-पस्तीस वर्षं याच लाइनवर फोटो काढतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे वेळापत्रकाआधी ऊस बघा. कोल्हापूर ते मिरज हा सगळा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस किलोमीटरचा पट्टा उसाचा. पावसाळा संपता संपता ऊस दीड पुरुष वर जातो आणि शेतात उभं राहिलं तर गाडीचं फक्त टप दिसतं. दिवाळीनंतर तोडी सुरू होतात आणि एकेक फड मोकळा होत जातो. गेल्या आठवड्यात जिथं हिरवी भिंत होती तिथं अचानक भराव दिसतो, भरावावर रूळ दिसतात, पलीकडचं गाव दिसतं. त्यामुळं डिसेंबर ते फेब्रुवारी हाच आपला हंगाम. रुकडीला जायच्या आधी एकदा नुसती चक्कर मारून कुठला फड तुटलाय ते बघून या. मी तर तोडकऱ्यांनाच विचारतो, "हा कधी संपणार?" ते सांगतात तो दिवस सहसा चुकत नाही.

दुसरी गोष्ट उजेडाची. आपली लाइन साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडं जाते. सकाळी कोल्हापुरातून सुटणाऱ्या गाडीच्या तोंडावर ऊन असतं आणि मिरजेकडून येणाऱ्या गाडीचं तोंड सावलीत असतं. म्हणून सकाळी मुंबईहून येणारी महालक्ष्मी कितीही सुंदर दिसली तरी फोटोत तिचं इंजिन काळंच येतं. कोयना मात्र सकाळी आठच्या सुमारास निघते आणि तिच्या तोंडावर कोवळं ऊन पडतं. पोरानं अगदी बरोबर गाडी निवडलीय, त्याला सांगा. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडं कललेला असतो, तेव्हा रुळांच्या दक्षिणेच्या अंगाला राहायचं.

आता खांब. विजेची लाइन झाल्यापासून फोटोत खांब आणि तारा येणारच. पण आपला मार्ग एकेरी आहे, त्यामुळं खांब बहुतेक ठिकाणी एकाच बाजूला असतात. ज्या जागी ते पलीकडच्या बाजूला आहेत अशी जागा शोधा. गाडी मोकळी दिसते आणि खांब मागं जातात. त्या तारांत पंचवीस हजार व्होल्ट असतात. काठीवर कॅमेरा लावून उंच धरणं, उड्डाणपुलावरून हात बाहेर काढणं हे कधीही नको. टेंबलाई उड्डाणपुलावरूनही गाडी छान दिसते, पण तिथं हात कठड्याच्या आतच.

पुलाचं म्हणाल तर पुलावर अजिबात जायचं नाही, भरावावरही चढायचं नाही. नदीकाठच्या रानातून, मालकाला विचारून, बांधावर उभं राहायचं. अंतर वाटतं तितकं आड येत नाही. त्या लेन्सला दोनशे मीटरवरून पूल, पाणी आणि वरचं धुकं एका चौकटीत बसतं आणि फोटो उलट जवळून काढल्यापेक्षा चांगला येतो. शटर हजारावर, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागावर, ठेवायला सांगा.

हे इतकं ठासून सांगतोय त्याला कारण आहे. आमच्या वेळी डिझेलचं अल्को इंजिन यायचं. गाडी दिसायच्या आधी दोन-तीन मिनिटं त्याचा धडधडाट कानावर यायचा. आमच्या कानांना तीच सवय. विजेचं इंजिन लागल्यावर एका सकाळी मी रुळांपासून सहा-सात फुटांवर पाठमोरा बसून लेन्स पुसत होतो. काहीच ऐकू आलं नाही. शेतातल्या बाईनं हातातलं खुरपं टाकून हाक मारली म्हणून मी उठलो, आणि गाडी अंगावरून वारा टाकत गेली. फडकं तिथंच उडून गेलं. घरी येऊन दिवसभर कुणाशी बोललो नाही. त्यानंतर मी शेताचा बांध ओलांडलेला नाही.

परवानगीचं असं आहे की, हौसेखातर बाहेरच्या रस्त्यावरून किंवा शेतातून फोटो काढायला मला आजवर कुणी अडवलेलं नाही. पण रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. स्टेशनवर कुणी हटकलं तर वाद न घालता कॅमेरा खाली करायचा, आणि पुढच्या वेळी आधी स्टेशन मास्तरांना भेटून वही दाखवायची. ती वही बघून कुणाचंही मन वळेल असं मला मनापासून वाटतं.

एक आठवण सांगतो आणि थांबतो. या लाइनची पायाभरणी १८८८ साली शाहू महाराजांच्या हस्ते झाली. महाराज तेव्हा चौदाही पुरे नव्हते, म्हणजे तुमच्या पोराच्याच वयाचे. १८९१ ला गाडी सुरू झाली ती मीटरगेजची, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेली. १९७१ ला ब्रॉडगेज, म्हणजे आताची रुंद लाइन, झाली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. मीटरगेजच्या बुटक्या डब्यात मी स्वतः चढायचो, पण नव्या गाडीत थोरल्या भावानं काखेत धरून वर घेतलं. पायरी माझ्या छातीला लागत होती. त्या जुन्या गाडीचा आमच्या घरात एकही फोटो नाही. तुमचं पोर वहीत तारखा लिहितंय, फोटोच्या मागंही लिहायला सांगा.

---

मिरज_जंक्शन

काकांच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. फक्त मिरजेची भर घालतो. आमच्या स्टेशनवर एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ होते. नॅरोगेज म्हणजे बार्शी लाइट रेल्वे, ७६२ मिलिमीटर रुंदीची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं ती १८९७ ला बार्शीपासून सुरू केली आणि १९२७ ला ती मिरजेला पोचली. कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको असा त्याचा हिशोब होता, त्यामुळं हलक्या रुळांवरूनही गाडी नीट चालायची. पंढरपूरला जाणारे वारकरी त्या गाडीत टाळ घेऊन बसायचे आणि गाडी सुटायच्या आधीच डब्यात भजन सुरू व्हायचं. मी त्या डब्यात बसलोय, पण फोटो काढला नाही. गाडी रोजचीच होती, कधीही काढू असं वाटायचं.

मुलाला पॅसेंजरनं मिरजेला आणा. वळिवडे, रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर अशी स्टेशनं बघत येता येईल, आणि खिडकीतून कुठल्या बाजूला खांब आहेत तेही कळेल. पुढच्या वेळी उभं कुठं राहायचं ते तिथंच ठरतं.

---

वळिवडेकर

वळिवड्याला उतरलात तर मुलाला एक सांगा. दुसऱ्या महायुद्धात १९४३ ते १९४८ इथं पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, जवळपास पाच हजार माणसं, त्यात बायका आणि मुलंच जास्त. आता तिथं छावणीचं फार काही शिल्लक नाही, पण कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. फोटोखाली नुसतं "वळिवडे" लिहिलं तरी ज्याला माहीत आहे तो थांबून बघतो.

आणि नदीकाठी जाताना पाणी बघून जा. २०१९ च्या महापुरात याच पट्ट्यात गाड्या बंद ठेवाव्या लागल्या होत्या. हिवाळ्यात पात्र शांत असतं, पण काठची माती भुसभुशीत असते.

---

राजारामपुरीची_आई

सगळ्यांचे आभार. काकांची पोस्ट मी त्याला मोठ्यानं वाचून दाखवली. खुरप्याच्या गोष्टीला तो एकदम गप्प झाला आणि मग स्वतःच म्हणाला, "आई, बांधाच्या आतच राहायचं."

काल रविवारी जाऊन आलो. पहाटे सहाला निघालो, गारठा चांगलाच होता. एका मळेकरी मामांना विचारलं, त्यांनी बांध दाखवला आणि गाडी यायला वेळ आहे म्हणून शेजारच्या गुऱ्हाळावर नेलं. काहिलीतून काढलेली गरम काकवी त्यांनी पळसाच्या पानावर दिली. पोरानं बोटं चाटली आणि तोच हात कॅमेऱ्याला लावला, लेन्सची कड अजून चिकट आहे.

कोयना आली तेव्हा खरंच आवाज आला नाही. आधी तारा हलल्यासारख्या वाटल्या, मग पुलावर इंजिनाचं तोंड दिसलं, उन्हात लखलखीत. त्यानं सात फोटो काढले. पाचांत डावीकडचा न तुटलेला ऊस मध्ये आलाय, एक हललाय. एक मात्र अगदी पाहिजे तसा आलाय, खाली धुकं, वर गाडी. मामा म्हणाले तो डावीकडचा फड पंधरा दिवसांत तुटेल, त्यांनी माझा नंबर घेतलाय. पंधरा दिवसांनी पुन्हा जाणार आहोत.

काका, फोटोच्या मागं त्यानं लिहिलंय: गाडीचं नाव, इंजिन नंबर, तारीख, आणि खाली "ऊस अर्धा तुटलेला".

---

शाहूपुरी_६२

ताई, ती शेवटची ओळ वाचून डोळे भरून आले. तोड झाली की इथं दोन शब्द टाका, मीही येतो. माझ्याकडं ऐंशी-दोनशेची एक जुनी लेन्स पडून आहे. त्याच्या कॅमेऱ्याला बसते का ते बघू.