पोट्टे भारत-पाकिस्तान लढाईच्या बातम्यांनी घाबरून राहिले, काय सांगायचं?

9 मे 2025, सोसायटी ग्रुप, खामला, नागपूर

बी-204: एक विचारायचं होतं. आमचा सात वर्षांचा काल सोनेगाव विमानतळावर उतरणारं विमान ऐकून पलंगाखाली जाऊन बसला. म्हणे, वायुसेनानगरला एअर फोर्स आहे, मग बॉम्ब इथंच पडेल ना?

सी-101 काका: काही नाही होत हो. पोट्टे जरा टणक झाले पाहिजेत.

बी-204: काका, सकाळी तुम्ही टाकलेल्या क्लिपनंच सुरू झालं हे.

ए-302 मॅडम: ताई, आधी त्यानं काय काय पाहिलं ते काढून घ्या. तो विचारते एक अन् आपण फाळणीपासून सांगत बसतो! नुसतं 'काही होत नाही' म्हणू नका, पटत नाही त्यांना. नकाशा घ्या, सरहद्द शेकडो किलोमीटर दूर आहे ते बोटानं दाखवा. अन् टीव्ही बंद. चॅनलवाले एकच स्फोट दिवसभर दाखवून राहिले, लहान लेकरांना वाटते तितके स्फोट झाले.

सी-303 आजी: 1971 च्या युद्धात, डिसेंबरात, मी मुंबईला होते, नऊ वर्षांची. काचांना काळे कागद लावलेले. भोंगा वर-खाली वाजला तर धोका, एकसारखा वाजला की टळला, हे आईनं शिकवून ठेवलं होतं. टॉर्च जागेवर आहे का पाहायचं काम माझं. त्या कामाच्या नादात भ्यायला वेळच नसे.

डी-401: आमची दहावीतली टीव्ही पाहतच नाही, सगळं मोबाईलवर. तिचं काय?

ए-302 मॅडम: सोबत बसून पाहा. क्लिप कुठली, कधीची, तिलाच शोधू द्या. 'आर्मा 3' या व्हिडिओ गेमची दृश्यं युक्रेनच्या वेळी खरी म्हणून फिरली होती, आताही फिरून राहिली. अन् कोणाची झोप, जेवण बरेच दिवस बिघडलं तर 14416 ला फोन करा, सरकारची मानसिक आरोग्याची टेली मानस सेवा. मराठीत बोलतात.

बी-103: मोठ्या पोरांचं निघालंच आहे म्हणून सांगते. काल पार्किंगमध्ये आमच्या मुलाला 'तू पाकिस्तानी' म्हणून खेळायला घेतलं नाही. तो घरी येऊन काहीच बोलला नाही, बहिणीनं सांगितलं.

ए-302 मॅडम: हे कुठून शिकले बाप्पा?

सी-101 काका: कोण पोट्टे होते? नाव नका टाकू इथं, मला फोन करा. उद्या सहा वाजता मी खाली येतो. टीम मी पाडतो, तुमचा मुलगा कॅप्टन.