मागचा टायर दुसऱ्या कंपनीचा टाकला तर काय बिघडतं?

घाटवेडा:
मोटरसायकल जुनी रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०, ट्यूबवाली. मागचा ११०/९०-१८ मापाचा टायर पार गोटा झालाय, पुढच्या ९०/९०-१९ ला अजून नक्षी आहे. दोन्ही एमआरएफचे. दुकानात मागच्या मापाचा सिएट तयार आहे, एमआरएफसाठी चार दिवस थांबा म्हणतो. शनिवारी ताम्हिणीतून कोलाडला जायचंय. माप तेच असेल तर वरच्या नावाने रस्त्याला काय कळतं? शुक्रवारी संध्याकाळी सिएट टाकून घेतोय. विरोध असेल तर कारणासकट करा. 'जोडीचाच टाकावा' एवढं कारण धरणार नाही.

जुनाखोंड:
माझा विरोध. माप म्हणजे नुसती रुंदी-उंची, टायर रस्त्याला टेकतो तिथली गोलाई त्यात येत नाही. मी एकदा मागे असाच दुसरा, जरा चपटा टायर टाकला. सरळ रस्त्यावर झकास. वळणात मात्र पुढचं चाक आत पडायला बघायचं आणि मागचं उभं राहायला. महिनाभर हँडलच्या बेअरिंगला शिव्या घातल्या.

चेनवंगण:
काका, हा दोष गोलाईचा झाला, कंपनीचा कुठे? एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांची गोलाईसुद्धा वेगळी असते. आणि हायवेवर रोज पळणाऱ्या गाडीचा मागचा टायर मधोमध झिजून चपटा होतोच, मग तो जोडीचा का असेना. घाटवेडाभाऊ आत्ता ज्या गोट्यावर फिरताहेत तो सिएटपेक्षा जास्त परका आहे. फक्त एक बघा, एक रेडियल आणि एक साधा (आतल्या धाग्यांची वीण वेगळी असते) अशी भेसळ नको. आणि मागे कुणी बसणार असेल तर लोड रेटिंग, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नको.

जुनाखोंड:
अर्धं मान्य. पण पुढचा-मागचा एकत्र चालवून बघितलेली जोडी मिळत असताना मी चार दिवस थांबेन. कोलाड कुठे पळून जात नाही.

टायरलिव्हर:
एवढं भांडलात, पण पुढच्या टायरचं वय कुणी विचारलं नाही. बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. '१४१९' म्हणजे २०१९ चा चौदावा आठवडा. कायदा दुचाकीला ०.८ मिमी नक्षी मागतो. ती असेलही, पण रबर कडक झालं असेल तर ओल्या घाटात नवा मागचा रस्ता धरून ठेवेल आणि पुढचा सोडेल. मागचं चाक घसरलं तर पुष्कळदा सावरता येतं, पुढचं घसरलं की कळेपर्यंत आडवे. दुसरं, कोरा टायर निसरडा असतो. पहिले दीडशे किलोमीटर हळू, कमी झुकवून. शुक्रवारी टाकून शनिवारी ताम्हिणी? सिएट असो की एमआरएफ, मला पटत नाही. ट्यूब आणि रिमपट्टीही (रिम आणि ट्यूबच्या मधली पट्टी) नवी घ्या, तिथे पैसे वाचवू नका.

घाटवेडा:
टॉर्च घेऊन बघून आलो. पुढचा '३२१६'. गाडी सेकंडहँड घेतलेली, कधी वाकून बघितलंच नाही.

जुनाखोंड:
मग दोन्ही बदला आणि जोडीचे घ्या. मिटला वाद!

घाटवेडा:
दुकानदाराला फोन केला. पुढच्या मापात म्हणे फक्त एमआरएफ आहे.