जिल्हा न्यायालयातील वकिलीनंतर परदेशात एलएल.एम.: अर्जाची तयारी कशी करावी?

प्रश्न : सोलापूरकर वकील

नमस्कार. मी गेली चार वर्षे सोलापूर जिल्हा न्यायालयात वकिली करते. वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यानंतर मी तीन वर्षांचा एलएल.बी. अभ्यासक्रम पूर्ण केला. त्यात एकूण 58 टक्के गुण आहेत आणि दुसऱ्या सत्रात एका विषयात एटीकेटी लागली होती. माझ्या सीनियरांकडे मुख्यतः भूसंपादनाची कामे असतात. राष्ट्रीय महामार्गासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, ते शेतकरी वाढीव मोबदल्यासाठी आधी लवादाकडे आणि तेथे समाधान झाले नाही तर लवाद कायद्याच्या कलम 34 खाली जिल्हा न्यायालयात येतात. त्यांची प्रकरणे वाचताना या विषयाचा पद्धतशीर अभ्यास करावा, असे प्रकर्षाने वाटू लागले आहे, म्हणून पुढील वर्षी इंग्लंड किंवा अमेरिकेत एलएल.एम.साठी अर्ज करण्याचा विचार आहे.

एका सल्लागाराने गुण कमी असल्याचे सांगून तीन विद्यापीठांची नावे दिली आणि त्यांपलीकडे पाहू नका, असे बजावले. हे खरे आहे का? शिफारसपत्रे कोणाकडून घ्यावीत? घरी चार एकर जिरायती जमीन आहे, ती तारण ठेवून शैक्षणिक कर्ज मिळेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर 1 : माजी विद्यार्थी, लंडन

सल्लागाराची यादी तूर्त बाजूला ठेवा. अनेक सल्लागारांना ठरावीक विद्यापीठांकडून प्रत्येक प्रवेशामागे कमिशन मिळते, त्यामुळे यादी तुमच्या विषयावरून ठरली की त्यांच्या करारांवरून, हे तुम्हाला कळणार नाही. माझ्या बाबतीत असेच घडले होते. ज्या विद्यापीठात माझ्या विषयाचा एकही प्राध्यापक नव्हता, तेथे मी केवळ सल्ल्यावरून अर्ज केला आणि एक वर्ष गमावले.

गुणांविषयी स्पष्टच सांगतो. ऑक्सफर्डचा बीसीएल हा कायद्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम प्रथम वर्गाच्या पातळीची अपेक्षा ठेवतो, त्यामुळे 58 टक्क्यांवर तेथील अर्ज शुल्क खर्च करू नये, असे माझे मत आहे. मात्र इंग्लंडमधील बहुतेक विद्यापीठे भारतीय पदवीसाठी किती टक्के लागतात हे आपापल्या संकेतस्थळावर देतात, आणि काही ठिकाणी कामाच्या अनुभवाचाही विचार होतो. आपल्याकडे विधी शाखेत गुण हात राखून दिले जातात. तुम्ही वर्गात पहिल्या दहांत असाल तर तसे पत्र प्राचार्यांकडून घ्या. एटीकेटी लपवू नका, कारण गुणपत्रकावर ती दिसतेच. एका वाक्यात कारण सांगा आणि पुढे चला. अमेरिकेबाबत एक गैरसमज वारंवार दिसतो, तो असा की एलएल.एम.साठी एलसॅट द्यावी लागते. ती परीक्षा जे.डी. या तेथील कायद्याच्या मूळ पदवीसाठी असते.

तुमच्या अर्जाचे खरे बळ उद्देशपत्रात (स्टेटमेंट ऑफ पर्पज) आहे आणि ते तुम्ही प्रश्नातच अर्धे लिहिले आहे. कलम 34 खालील न्यायालय लवादाच्या निवाड्यात बदल करू शकत नाही, तो केवळ रद्द करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये हकीम प्रकरणात म्हटले, आणि ते प्रकरण महामार्गाच्या भूसंपादनाचेच होते. पुढे 2025 मध्ये घटनापीठाने बहुमताने मर्यादित बदलाचा अधिकार मान्य केला. या चार वर्षांत तुमच्या अशिलांचे काय झाले, निवाडा रद्द होऊन प्रकरण पुन्हा लवादाकडे गेल्यावर त्यांना किती काळ थांबावे लागले, आणि ज्या संपादनात जमीनमालकाने लवाद निवडलेलाच नसतो तेथे व्यापारी लवादाचे नियम लावावेत का, हे प्रश्न तुम्ही रोज हाताळता. ‘लहानपणापासून मला न्यायाची ओढ होती’ अशी सुरुवात करणारे शेकडो अर्ज असतात. अकलूज किंवा मोहोळच्या एखाद्या अशिलाचे प्रकरण नाव न देता चार ओळींत मांडणारा अर्ज वाचणाऱ्याला थांबवतो. मग त्या विद्यापीठातील कोणता अभ्यासक्रम या प्रश्नाला भिडतो, ते सांगा.

उत्तर 2 : विधी महाविद्यालयातील अध्यापिका, पुणे

शिफारसपत्रांबाबत थोडे सविस्तर लिहिते, कारण येथेच आपल्या विद्यार्थ्यांचे सर्वाधिक नुकसान होते. साधारणपणे दोन पत्रे लागतात आणि त्यांतील किमान एक शिकवलेल्या व्यक्तीचे असावे, अशी अपेक्षा असते. पत्र तुमच्या हाती द्यायचे नसते. विद्यापीठ शिफारसकर्त्याच्या ईमेलवर दुवा पाठवते आणि तो पत्ता शक्यतो संस्थेचा असावा लागतो. तुमच्या सीनियरांकडे असा पत्ता नसणार, म्हणून अर्ज भरण्यापूर्वीच त्या विद्यापीठाला लिहून लेटरहेडवरील सही-शिक्क्याचे पत्र चालेल का, ते विचारा. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ ही आपल्याकडची रीत कृपया स्वीकारू नका. त्याऐवजी तुम्ही तयार केलेला एखादा युक्तिवाद, एखादी मूट कोर्ट (विद्यार्थ्यांची सरावाची न्यायालयीन स्पर्धा) किंवा प्रकल्प यांची टिपणे शिक्षकांना द्या, म्हणजे त्यांना आठवेल आणि पत्र त्यांच्या शब्दांत उतरेल. ‘ही विद्यार्थिनी मेहनती आहे’ एवढ्याच पत्राचा उपयोग होत नाही.

दुसरी बाब नावाची. आपल्या गुणपत्रकांवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, वडिलांचे आणि आईचे नाव असा क्रम असतो; पासपोर्टवर तो वेगळा असतो. विवाहानंतर नाव बदलले असल्यास गुंता वाढतो. प्रतिज्ञापत्र आत्ताच करून ठेवा. ट्रान्स्क्रिप्टसाठी (सर्व सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा) विद्यापीठाच्या परीक्षा विभागात आजच अर्ज करा, कारण त्याला कित्येक आठवडे लागू शकतात, आणि हार्वर्डसारख्या ठिकाणची मुदत 1 डिसेंबरला संपते. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दोन वर्षे ग्राह्य असतात, म्हणून ती परीक्षा आधी देण्यात काहीच तोटा नाही.

उत्तर 3 : निवृत्त बँक अधिकारी, कोल्हापूर

जमिनीबद्दल. शैक्षणिक कर्जासाठी बँका शेतजमीन तारण म्हणून सहसा घेत नाहीत. वकील असल्याने तुम्हाला कारण लगेच उमगेल: बँकांना न्यायालयात न जाता तारणातून वसुली करू देणाऱ्या सरफेसी कायद्याच्या कलम 31(i) प्रमाणे शेतजमिनीवरील तारणाला तो कायदा लागू होत नाही, त्यामुळे वसुलीचा सोपा मार्ग बँकेला उरत नाही. बिगरशेती भूखंड, घर किंवा मुदत ठेव असेल तर बोलणी होऊ शकतात. सातबारा घेऊन आलेल्या कितीतरी पालकांना मी हे समजावले आहे, आणि त्यांतले काही जण नंतर खासगी सावकाराकडे गेल्याचेही पाहिले आहे. तसे कदापि करू नका.

त्यापेक्षा शिष्यवृत्तीचे वेळापत्रक आधी हाती घ्या. चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी 2,800 तासांचा कामाचा अनुभव लागतो, तो तुमच्याकडे आहे. अर्ज ऑगस्टमध्ये सुरू होऊन ऑक्टोबरमध्ये बंद होतात, म्हणजे विद्यापीठाचा प्रवेश हाती येण्याच्या कितीतरी आधी. शिक्षणानंतर किमान दोन वर्षांसाठी भारतात परतण्याची अट आहे, आणि सोलापुरातच काम करू इच्छिणाऱ्याला ती जाचक वाटणार नाही. तुम्ही अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध प्रवर्गातील असाल तर राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पाहा. तिची उत्पन्नमर्यादा आणि विद्यापीठाच्या क्रमवारीची अट त्या वर्षीच्या जाहिरातीतच वाचावी. इंग्लंडच्या हिशेबात शुल्काखेरीज व्हिसासोबत भरावा लागणारा आरोग्य अधिभारही धरा. विद्यार्थ्यांसाठी तो वर्षाला 776 पौंड आहे, पण एक वर्षाच्या अभ्यासक्रमाचा व्हिसा वर्षाहून अधिक काळाचा असल्याने तो 1,164 पौंडांपर्यंत जातो.

उत्तर 4 : अध्यापिका, पुणे

एक मुद्दा राहिला. पुढे अध्यापनात येण्याचा विचार असेल तर भारतीय विधिज्ञ परिषदेने जानेवारी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेले नियम वाचा. एक वर्षाच्या परदेशी एलएल.एम.ला येथील पदवीशी समकक्ष मानण्यासाठी त्यांत किमान एक वर्ष अभ्यागत प्राध्यापक म्हणून काम करण्याचा उल्लेख आहे, आणि या नियमांना सर्वोच्च न्यायालयात आव्हानही दिले गेले. ज्या संस्थेत शिकवायचे आहे तिच्याकडून समकक्षतेचे उत्तर लेखी घ्या. वकिलीसाठी मात्र तुमची सनद पुरेशी आहे.

सोलापूरकर वकील

सर्वांचे मनापासून आभार. अध्यापनाचा विचार नाही. मला परत येऊन हीच प्रकरणे अधिक चांगली लढवायची आहेत. ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज सोमवारी करते. लवाद शिकवणाऱ्या माझ्या अध्यापकांना आज दूरध्वनी केला. त्यांना माझा मूट कोर्टातील युक्तिवाद आठवत होता, आणि ते पत्र लिहिणार आहेत. 2021 नंतर आमच्या कार्यालयातील किती निवाडे रद्द होऊन परत गेले, त्याची यादी सीनियरांच्या परवानगीने आजपासून करायला घेतली आहे.